दाखल होण्यापूर्वीचा रोगी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षे ओळखले जाते. १८९४ साली विल्यम वॉनलेस या मिशनरी शल्यविशारदाने तेथे रुग्णालय उघडले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. त्यानंतर खाजगी रुग्णालयांची रांगच लागली. जतपासून शिराळ्यापर्यंतचे आणि उत्तर कर्नाटकातलेही रोगी तेथे येतात. साताऱ्याच्या बाजूला कऱ्हाडचे चित्र फारसे निराळे नाही. या रुग्णालयांचा या भागाला अभिमान वाटतो आणि तो अनाठायी नाही. परंतु जीपमधून उतरवून ज्याला रुग्णालयाच्या दारात आणले जाते, तो रोगी त्याच्या दुखण्याच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचलेला असतो. त्याच्याआधीच्या दोन, पाच, कधी दहा वर्षांत त्याचे काय चालले होते आणि ते कोणाला ठाऊक होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

खानापूर किंवा पाटण तालुक्यातली एक साठीची स्त्री डोळ्यांसमोर आणावी. अशा स्त्रिया या दोन जिल्ह्यांत गावागणिक सापडतील. मुलगा मुंबईत माथाडी कामगार आहे, किंवा खानापूर-आटपाडीकडची असेल तर सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यात दूरच्या एखाद्या शहरात स्थायिक झाला आहे. घरी ती एकटी, फार तर थकलेला नवरा. पहाटे मिश्री लावण्याची सवय लहानपणापासूनची. कधीतरी चक्कर आली म्हणून ती बाजाराच्या गावच्या डॉक्टरकडे गेली, त्यांनी रक्तदाब पाहिला, गोळी लिहून दिली. दोन महिने तिने ती घेतली. बरे वाटू लागले, मग गोळी कशाला, म्हणून थांबवली. दीड वर्षाने एका सकाळी तिच्या अंगावरून वारे गेले. शेजाऱ्यांनी गाडी केली, मुलाला फोन केला, आणि त्या संध्याकाळी शहरातल्या अतिदक्षता विभागाबाहेर अनामत रकमेची चौकशी सुरू झाली.

या बाईला धोका आहे हे कोणालाच माहीत नव्हते, असे म्हणता येईल काय? डॉक्टरला तिचा रक्तदाब माहीत होता. औषधाच्या दुकानदाराला ती गोळी न्यायला येत नाही हे दिसत होते. आशा कार्यकर्तीला तिची मिश्री आणि तिचा एकटेपणा दोन्ही ठाऊक होते. उपकेंद्रातल्या एखाद्या तक्त्यात तिचे नाव आणि वय लिहिलेले होते. माहिती होती, पण ती चार ठिकाणी विखुरलेली होती आणि ती एकत्र करून तिच्या दारात जाण्याचे काम कोणाच्याही वाट्याला दिलेले नव्हते.

याद्यांची आपल्याकडे वाण आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सरकारी योजनेप्रमाणे तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा एक तक्ता आशा कार्यकर्तीने भरावयाचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, आईवडिलांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार होता काय, अशी त्यातली कलमे आहेत. प्रत्येकास गुण आहेत आणि बेरीज चाराच्या वर गेली तर त्या व्यक्तीची तपासणी आधी करावी असा संकेत आहे. उपकेंद्रांना २०१८ पासून आरोग्यवर्धिनी म्हटले जाऊ लागले, २०२३ च्या अखेरीस त्यांचे आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. नावे बदलण्याच्या बाबतीत आपली सरकारे कधीच मागे नसतात. तक्ता मात्र तोच राहिला.

त्याआधी करोनाच्या साथीत, १५ सप्टेंबर २०२० पासून, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर झाली. पथके तापमापक आणि ऑक्सिजन मोजण्याचे उपकरण घेऊन घरोघर गेली आणि कोणाला मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार आहे याची नोंद केली. सांगली जिल्ह्याला या कामाची ओळख आधीच झाली होती. २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपुरात एका कुटुंबात आणि त्याच्या संपर्कात वीसहून अधिक बाधित सापडले, तेव्हा त्या परिसरात घरोघर फिरूनच साथ रोखली गेली. म्हणजे माणसाला रुग्णालयाची पायरी चढावी लागण्यापूर्वीच त्याला त्याच्या घरात गाठता येते, हे या भागाने स्वतः करून पाहिले आहे. साथ ओसरल्यावर त्या नोंदींचे आपल्या गावात काय झाले, एवढे जरी प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या उपकेंद्रात जाऊन विचारले तरी पुष्कळ कळेल.

सातारा जिल्ह्याला तर याहून मोठी संधी लाभली आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील पंचवीस जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा हे होते. सांगलीचा त्यांत समावेश नव्हता. पुढे हा उपक्रम अनेक राज्यांत पसरला आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या कृतिगटाने त्याला पुरस्कार दिला. पुरस्काराचे कौतुक बाजूला ठेवावे. त्या उपक्रमाची रचना मात्र कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अतिशय साधी आहे. औषधांचा एकच ठरलेला क्रम असतो. आधी अॅम्लोडिपिन, त्याने भागले नाही तर टेल्मिसार्टन, त्यानंतर क्लोरथॅलिडोन. त्यामुळे कोणत्या डॉक्टरने कोणत्या कंपनीची गोळी लिहावी हा बाजार मिटतो आणि जिल्ह्याला किती गोळ्या लागतील याचा हिशेब आधी करता येतो. रोग्याला एका वेळी निदान तीस दिवसांचे औषध द्यावयाचे आणि पुढचे औषध शक्य तो घराजवळच्या उपकेंद्रात द्यावयाचे, म्हणजे पाटणच्या डोंगरातल्या माणसाची एका गोळीसाठी दिवसाची मजुरी बुडत नाही. रक्तदाब मोजणे आणि नोंद ठेवणे हे परिचारिकेचे काम, गुंतागुंतीचा रोगी तेवढा डॉक्टरचा.

या रचनेतले सर्वांत मोलाचे कलम मात्र वेगळेच आहे. ठरलेल्या तारखेला जो आला नाही, त्याचे नाव दर महिन्याला काढावयाचे आणि त्याला फोन करावयाचा किंवा घरी जावयाचे. धोक्यातला रोगी ओळखण्यासाठी जगभर मोठमोठी गणिते मांडली जातात. पण गोळी न्यायला न आलेला माणूस आणि गेल्या वर्षी एकदा रुग्णालयात राहून आलेला माणूस, या दोन नावांपासून सुरुवात केली तरी एखाद्या गावापुरते अर्धे काम झाले असे समजावे. हृदय दुर्बळ झालेला, पायांवर सूज येणारा, रात्री उठून बसल्याशिवाय ज्याला श्वास घेता येत नाही असा रोगी रुग्णालयातून घरी येतो. त्याचे सुटकेचे कार्ड इंग्रजीत असते आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फडताळात ठेवले जाते. मीठ किती कमी करावयाचे, लघवीची गोळी का थांबवावयाची नाही, वजन दोन दिवसांत वाढले तर कोणाकडे जावयाचे, हे त्याला मराठीतून कोणी सांगितलेलेच नसते. मधुमेह्याच्या पायाची जखमही अशीच. ती आठवडाभर धुऊन, बांधून, साखर आटोक्यात ठेवून बरी होण्यासारखी असते. शेतात अनवाणी जाणारा मनुष्य ती महिनाभर अंगावर काढतो आणि शेवटी बोट, कधी पाऊल कापावे लागते.

आता दूरच्या एका प्रदेशाकडे वळावे लागेल, कारण यादी आणि माणूस यांतला फरक तेथे फार स्पष्टपणे दिसून आला. ब्रिटनमधील वेल्सच्या दक्षिण भागात, कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यात, ग्लिनकॉरग नावाचे लहान गाव आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट हा साम्यवादी विचारांचा डॉक्टर १९६१ पासून तेथे सुमारे पंचवीस-तीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून राहिला. गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजण्याचा त्याने निश्चय केला. जे दवाखान्यात आले नाहीत त्यांच्याकडे तो आणि त्याचे सहकारी गेले. पंचवीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा शेजारच्या तुलनेच्या गावापेक्षा त्याच्या गावात अकाली मृत्यू स्पष्टपणे कमी झालेले आढळले. १९७१ साली याच डॉक्टरने एक नियम मांडला, तो समाजवादी कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते, आणि जेथे सेवा बाजाराच्या हाती असते तेथे ही विषमता अधिकच तीव्र होते, असा त्याचा आशय होता.

त्याच दक्षिण वेल्समध्ये, स्वान्सी परिसरात, सुमारे चाळीस वर्षांनी एक निराळा प्रयोग झाला. ३२ दवाखान्यांना संगणकाचे एक साधन देण्यात आले. ते प्रत्येक रोग्याच्या नोंदींवरून तो तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका किती, हे आकड्यात सांगत असे. डॉक्टरांनी त्यावरून जास्त धोक्याचे रोगी निवडून त्यांच्याकडे लक्ष द्यावे, म्हणजे रुग्णालयावरील भार कमी होईल, अशी अपेक्षा होती. २०१८ साली या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तातडीच्या दाखल्यांत घट झाली नाहीच, उलट थोडी वाढ झाली. इंग्लंडमध्येही २०१४ पासून तीन वर्षे दवाखान्यांना त्यांच्या यादीतल्या सर्वाधिक धोक्याच्या दोन टक्के प्रौढांच्या योजना लिहिण्यासाठी वेगळे पैसे दिले गेले आणि २०१७ साली ते थांबवून रक्कम दुसरीकडे वळवण्यात आली.

संगणक वाईट, असा याचा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. ज्या डॉक्टरला आज रोग्यांच्या रांगेतून मान वर करता येत नाही, त्याच्या हाती धोक्यातल्या शंभर नावांची यादी दिली तर तो काय करणार? त्याची काळजी वाढेल आणि सावधगिरी म्हणून तो आणखी चार जणांना रुग्णालयात पाठवील. ग्लिनकॉरगमध्ये यादीच्या मागे पंचवीस वर्षे एकच डॉक्टर आणि त्याच्या परिचारिका उभ्या होत्या. स्वान्सीत यादी आली, तिच्याबरोबर हात आले नाहीत.

आपल्याकडे हे हात कोणाचे आहेत आणि त्यांना कोण पैसे देते, या प्रश्नाशी आता आलो. येथून पुढचा भाग अर्थशास्त्राचा आहे आणि तो थोडा रुक्ष वाटला तरी टाळता येण्यासारखा नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत भारतात बाळंतपण वगळून एका वेळच्या रुग्णालय-वास्तव्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये निघाला. यात बुडालेली मजुरी नाही, सोबतच्या माणसाचे खाणे-राहणे नाही, पतसंस्थेच्या कर्जाचे पुढच्या तीन वर्षांचे व्याजही नाही. या खर्चावर उतारा म्हणून महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सातारा-सांगलीसह उरलेले जिल्हे २०१३ च्या नोव्हेंबरात तिच्या कक्षेत आले. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. दर कुटुंबास वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती पाच लाख करण्याचा आणि सर्व कुटुंबांना योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. या योजनेने अनेक गरीब घरे सावकाराच्या दारातून परत आणली, हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु योजनेची किल्ली कोठे आहे ते पाहावे. रोगी दाखल झाला की पैसा सुटतो. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, डायलिसिस झाले, पाऊल कापले, की ठरलेला दर रुग्णालयाच्या खात्यात जमा होतो. हे हृदय, हे मूत्रपिंड आणि हे पाऊल वाचवण्यासाठी जी गोळी, जी जखमपट्टी आणि जी घरभेट आधी पाच वर्षे हवी होती, तिच्यासाठी या योजनेत कवडी नाही. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेले औषध घरच्या पैशानेच आणावयाचे. म्हणजे समाजाने आपली तिजोरी नदीच्या मुखाशी नेऊन ठेवली आहे आणि उगमाकडे चिटपाखरू नाही. रुग्णालयाला रोगी दाखल होण्यात कमाई आहे, विमा कंपनीला हप्त्यात कमाई आहे, राजकारण्याला फलकावरच्या फोटोत कमाई आहे. रोगी दाखल न होण्यात ज्याची मिळकत आहे असा एकही घटक या रचनेत नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. आपले वक्ते सभांमधून सांगतात की प्रतिबंधावर एक रुपया खर्च केला की उपचाराचे दहा वाचतात. सोपा हिशेब करून पाहू. रक्तदाबाच्या गोळ्यांना दिवसाला दोन रुपये धरले तर वर्षाला ७३० रुपये होतात. खाजगी रुग्णालयातल्या त्या एका सरासरी वास्तव्याच्या ३१,८४५ रुपयांत एका माणसाची त्रेचाळीस वर्षांची गोळी येते. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा. पण रक्तदाब असलेल्या प्रत्येकाला पक्षाघात होत नाही. एकाचा पक्षाघात टळण्यासाठी अनेकांनी अनेक वर्षे गोळी घ्यावी लागते, त्यांना मोजावे लागते, त्यांच्या मागे कोणीतरी फिरावे लागते आणि त्या फिरणाऱ्याला पगार द्यावा लागतो. तेव्हा सरकारच्या तिजोरीत पैसा वाचेलच, अशी हमी देता येणार नाही आणि तिच्यावर आपली मागणी उभी करू नये. एक स्त्री चालती-बोलती राहिली, तिचे शेरडू विकले गेले नाही, मुलाची नोकरी रजेपायी गेली नाही, ही मिळकत सरकारी ताळेबंदात कोणत्याच रकान्यात बसत नाही. समाजवाद्यांचा आग्रह त्या रकान्यासाठी असला पाहिजे.

पैशाचा ओघ उगमाकडे वळवावयाचा म्हटले की पहिला प्रश्न खाजगी डॉक्टरचा येतो, आणि या प्रश्नावर आपल्या चळवळीत आजवर सोयीस्कर मौन राहिले आहे. त्याच पाहणीत ग्रामीण भारतात दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी सरकारी संस्थांत सुमारे ३३ टक्के आणि खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत सुमारे ४१ टक्के झाले असे दिसले. खाजगी रुग्णालयांचा वाटा त्याहून वेगळा. सातारा-सांगलीच्या बाजारगावांत आयुर्वेद वा होमिओपॅथीची पदवी घेतलेला डॉक्टर दोन खोल्यांत बसतो, सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे रुपयांत तपासतो आणि औषधही देतो. त्याच्यावर कितीही टीका केली तरी अर्ध्या रात्री दार उघडणारा तोच असतो. धोक्यातला रोगी प्रथम पाहतो तोही तोच. परंतु तो सरकारी नोंदीत कोठेच नाही. रोगी पुढच्या महिन्यात आला नाही तर त्याला शोधण्याचे कारण त्याला नाही आणि साधनही नाही. इंजेक्शन आणि सलाईन यांवर मात्र त्याचा संसार चालतो, म्हणून ती गरज नसतानाही दिली जातात.

या डॉक्टरांना सरकारी औषधे आणि सरकारी पैसा द्यावयाचा म्हणजे खाजगीकरणाला मागच्या दाराने आत घ्यावयाचे, अशी शंका काही साथी व्यक्त करतील. शंका रास्त आहे. पण १९४८ साली ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली तेव्हा फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. ते स्वतंत्रच राहिले. त्यांच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर त्यांना सरकार पैसे देऊ लागले आणि रोग्याला दाराशी पैसे मोजावे लागेनासे झाले. आपल्याकडेही काही अटींवर हे करता येईल. पैसा वर्षाच्या हिशेबाने आणि नोंदलेल्या माणसामागे द्यावा, इंजेक्शनागणिक नव्हे. औषधांचा क्रम जिल्ह्याने ठरवलेला असावा आणि गोळी सरकारी साठ्यातून फुकट मिळावी. नोंदवही उपकेंद्राची असावी, डॉक्टरच्या मालकीची नव्हे. ज्या डॉक्टरला या अटी नकोत त्याला त्याचा धंदा मोकळा आहे. आणि हे सारे प्राथमिक आरोग्य केंद्रे बळकट करण्याला पर्याय म्हणून कोणी मांडू लागले, तर त्याला तेथेच विरोध करावा.

या मागणीची मुळे जुनी आहेत. १९४६ च्या भोर समितीने जिल्हा हा घटक धरून सुमारे तीस लाख लोकसंख्येसाठी आरोग्ययंत्रणेचा आराखडा काढला होता. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ भरली. योगायोग असा की भोर समितीने कल्पिलेला जिल्हा म्हणजे जवळपास हाच. समितीच्या दीर्घकालीन आराखड्यात दर दहा ते वीस हजार माणसांमागे ७५ खाटांचा प्राथमिक घटक होता. आजचा सरकारी निकष सपाटीवर तीस हजारांना आणि डोंगरी भागात वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे आणि तेथे खाटा अर्धा डझन. जो देश नुकताच महायुद्धातून आणि बंगालच्या दुष्काळातून बाहेर पडत होता, त्याच्या समितीने एवढे स्वप्न पाहिले, हे आज साखर, सूत आणि दुधाच्या सहकारावर वैभव उभे केलेल्या या दोन जिल्ह्यांनी आठवावे. कारखान्यांच्या परिसरात महाविद्यालये आणि रुग्णालये उभी राहिली, चांगले झाले. पण सभासदाच्या दारात महिन्यातून एकदा येणारी परिचारिका कोणत्याही कारखान्याच्या वार्षिक अहवालात दिसत नाही.

कारखान्याचा विषय निघाला आहे तर यादीत मुळीच नसलेल्या माणसांविषयी बोलले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कऱ्हाड, वाळवे, पलूसच्या मळ्यांत येतात आणि वसंत ऋतूपर्यंत पाचटाच्या खोपटांत राहतात. गरोदर स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात मोळी उचलते. तिची नोंद तिच्या गावच्या आशाकडे आहे, आणि तो गाव दोनशे-तीनशे किलोमीटर दूर आहे. येथल्या आशाच्या वहीत ती नाही, कारण ती येथली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावर पांढरे जाणे, पोट दुखणे यांवर वेळेवर साधा उपचार न मिळालेली स्त्री शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचते, आणि तेथे नफा दबा धरून बसलेला असतो. दाखल होण्याची वेळ येऊ न देणे म्हणजे काही वेळा डॉक्टरपासून वाचवणेही असते. गाळपाच्या हंगामात प्रत्येक कारखान्याच्या गटकार्यालयातून टोळ्यांची यादी जवळच्या उपकेंद्रास मिळावी, ही मागणी करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. उचल कोणाला किती दिली, याची यादी कारखान्याजवळ बिनचूक असतेच.

महापुराचेही असेच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगली वेढली आणि ८ तारखेला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसे नेणारी बोट उलटली. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर कोसळला. पुराचा इशारा दोन दिवस आधी मिळतो. अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिसवर कोण, दिवस भरत आलेली कोण, इन्सुलिन कोणाला लागते, ही नावे नदीकाठच्या गावात तयार असतील तर पहिली बोट कोणाच्या दाराशी लावावयाची याचा गोंधळ उरणार नाही.

ही सारी कामे शेवटी एकाच व्यक्तीच्या खांद्यावर येतात आणि ती म्हणजे आशा. तिला सरकार अजूनही स्वयंसेविका म्हणते, म्हणजे पगार द्यावा लागत नाही. महाराष्ट्रातील आशांनी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संप केला. मार्च २०२४ मध्ये राज्याने तिचा मोबदला दरमहा ५,००० रुपयांनी वाढवला, तोही मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या दिल्यानंतर. एका तक्त्यामागे, एका सर्वेक्षणामागे, एका प्रसूतीमागे अशी तिची कमाई अजूनही तुकड्यातुकड्यांनी येते. तुकड्यांवर काम देणारा मालक तक्ते मोजतो. तिने एका घरी अर्धा तास बसून, गोळी का थांबवलीस, हे विचारले, तर तो अर्धा तास कोणत्याच दरपत्रकात नाही. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब-मधुमेहाची औषधे घरपोच देण्याची योजना सुरू केली आणि त्यासाठी बचतगटांतील स्त्रियांना मानधनावर वेगळे नेमले. म्हणजे अशी माणसे स्वतंत्रपणे नेमता येतात, हे एका राज्याने करून दाखवले आहे. आणि आपल्याच राज्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित, बहुतेक दलित आणि उपेक्षित स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले होते. त्या स्त्रियांना गावातले प्रत्येक घर माहीत होते आणि गाव त्यांचे ऐकत होते.

साथींनी एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. रोग्यांची यादी ही मतदारयादी नव्हे. कोणाला क्षय, कोणाला मधुमेह, कोणाच्या मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, हे गावात फिरले तर लोक उद्या उपकेंद्रात नाव सांगणार नाहीत. नावे आरोग्यसेविकेच्या कपाटात राहावीत. ग्रामसभेला आकडे पुरेत.

ग्रामसभा, गावाची आरोग्य व पोषण समिती, उपकेंद्राची जन आरोग्य समिती, प्राथमिक केंद्राची रुग्ण कल्याण समिती ही सारी दारे कायद्याने आणि नियमाने उघडी आहेत. बहुतेक गावांत त्यांची कागदावर नेमणूक झालेली असते आणि सभासदांनाच आपण सभासद असल्याचे ठाऊक नसते. १९४३ ते ४६ च्या काळात याच जिल्ह्यातील खेड्यांनी इंग्रज सरकारच्या नाकावर टिच्चून आपली न्यायमंडळे चालवली होती. त्या खेड्यांना एक नोंदवही आणि एक औषधाचे कपाट तपासणे जड जाऊ नये.

येत्या ग्रामसभेत विचारावयाचे प्रश्न थोडके आहेत. आपल्या उपकेंद्राच्या नोंदवहीत रक्तदाब आणि मधुमेहाचे किती रोगी आहेत? गेल्या महिन्यात त्यांपैकी किती जण औषध न्यायला आले नाहीत? त्या न आलेल्यांपैकी किती जणांच्या घरी कोणी जाऊन आले? अॅम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन या गोळ्यांचा साठा गेल्या तीन महिन्यांत किती दिवस संपलेला होता? आणि गेल्या सहा महिन्यांत गावातून शहरातल्या रुग्णालयात जे दाखल झाले, त्यांपैकी किती जणांची नावे आधीच या नोंदवहीत होती? उत्तरे लेखी मागावीत आणि ती पुढच्या अभ्यासवर्गाला घेऊन यावीत. पाटण, माण, जत आणि आटपाडी या तालुक्यांतून प्रथम आली तर बरे.